लाल्याची बॅटरी परत बसली

नाना: कोणी जागं आहे का. आपला जुना ट्रॅक्टर लाल्या आज परत चालू होईना, शेवटी खालच्या वस्तीवरचा दुसरा ट्रॅक्टर आणून साखळीनं ओढला तेव्हा कुठं भुर्र झाला. खंडेनवमी चार दिवसांवर आलीय अन् नवी बॅटरी घालून सहा महिने पण नाही झाले. बॅटरी चार्ज करणाऱ्या त्या डायनामोचा वीट आलाय मला, त्याच्या जागी अल्टरनेटर बसवून टाकतो

बापूकाका: बॅटरीत पाणी आहे का बघितलंस?

माई आत्या: शुभ सकाळ सर्वांना 🙏 झेंडू कोण आणणार आहे

पिंट्या: नाना बसवाच. मेस्त्रीकडे जुन्या मारुतीचा पडलाय, ब्रॅकेट वेल्ड करून देतो म्हणाला. डायनामो हजारभर आरपीएमच्या खाली काहीच देत नाही आणि मिरवणुकीत लाल्या दोन तास आयडलवरच असतो, रेस न देता, लाइट लावून. अल्टरनेटर आयडलवर पण चार्जिंग देतो

जावईबापू पुणे: नमस्कार. मला कोणी विचारलेलं नाही तरी बोलतो. बी-२७५ आहे तो. १९६३ ला महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर सुरू केले, त्या घराण्यातला. वर्षातून दोनदा बाहेर निघणाऱ्या ट्रॅक्टरला मारुतीचा अल्टरनेटर कशाला? डायनामो २२ अँपिअरचा आहे. ४५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे साडेसात अँपिअर, मागचा दिवा धरून नऊ. आणि डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला वीज लागतच नाही, डिझेलचा पंप मेकॅनिकल आहे

सोन्या: दाजी डीजे धरला नाही तुम्ही 😄

नाना: डीजेला जनरेटर असतो शहाण्या. जावईबापू तुमचं बरोबर असेल पण साखळी आम्ही ओढतो, तुम्ही फोटो बघता

जावईबापू पुणे: राग मानू नका नाना. एकच सांगतो, लाल्याला बॅटरीची प्लस बॉडीला आहे. मारुतीचा अल्टरनेटर मायनस बॉडीला धरून बनवलेला. तसाच जोडला तर आतले डायोड तिथल्या तिथं जळणार. आधी बॅटरी उलटी लावायची, अँपिअर मीटरच्या वायरी अदलाबदल करायच्या. स्टार्टरला काही फरक पडत नाही, तो तसाच फिरतो

बापूकाका: आधी पाणी बघा.

धाकटी काकू: विषय निघालाच आहे तर बोलते. मागची बॅटरी कोणाच्या पैशातून आली ते पण जरा सांगा ग्रुपवर. पूजेच्या फोटोत पंधरा जण अन् वर्गणीला आम्ही दोघंच

अण्णा नाशिक: मी त्याच दिवशी जीपे केले होते वहिनी, स्क्रीनशॉट टाकू का

धाकटी काकू: तुमचे पोचले हो अण्णा. मी नाव घेतलंय का कोणाचं

(हा मेसेज डिलीट केला गेला आहे)

सोन्या: कोण होतं ते 👀

माई आत्या: भांडू नका रे सणाच्या तोंडावर. आबांनी एक एकर गहाण ठेवून घेतलाय तो, वाटण्या झाल्या तरी लाल्या सगळ्यांचा. झेंडूचं कोणीच बोललं नाही

जावईबापू पुणे: पिंट्या, व्होल्ट मोजायचा मीटर आहे ना तुझ्याकडे? शेडमध्ये जा. डायनामोच्या डी आणि एफच्या वायरी काढ, ते दोन्ही टर्मिनल एका तारेनं जोड, मीटरचं एक टोक तिथं, दुसरं बॉडीला. मग रेस हळूहळू वाढव. व्होल्ट चढत गेले तर डायनामो ठणठणीत. वीसच्या वर नेऊ नकोस

पिंट्या: संध्याकाळी बघतो, आत्ता कांद्याचं रोप टाकतोय

बापूकाका: जाशील तेव्हा पाणी पण बघ.

पिंट्या: गेलो होतो. चढले व्होल्ट, सरळ वीसपर्यंत. पण एक वेगळंच. टेस्ट करायच्या आधी, म्हणजे इंजिन सकाळपासून बंद, चावी माझ्या खिशात, तरी डायनामो हाताला गरम लागत होता. अँपिअर मीटरचा काटा पण मायनसकडे झुकलेला

जावईबापू पुणे: सापडलं! कटआउटचे पॉइंट चिकटलेत. इंजिन थांबलं की त्यानं डायनामो बॅटरीपासून तोडायचा, तो तोडतच नाही. मग बॅटरी उलट डायनामोलाच मोटारीसारखं फिरवायला बघते, पट्ट्यामुळे तो फिरत नाही, नुसता तापत बसतो आणि सकाळी बॅटरी बसलेली. बॅटरी दहा बदलल्या असत्या तरी हेच. पॉइंट सोडवून पॉलिश पेपर मारा, नाहीतर कटआउट ज्यात असतो तो रेग्युलेटरचा डबाच बदला. तोवर रोज रात्री टर्मिनल काढून ठेवायचं

बापूकाका: ते असो, बॅटरीतलं पाणी आटलंच असणार.

पिंट्या: आटलंय काका. दोन सेल कोरडे

बापूकाका: मी काय सकाळपासून भजन म्हणत होतो?

नाना: ते सगळं ठीक. पण मी दुपारीच मेस्त्रीला ५०० रुपये देऊन आलोय अल्टरनेटरचे

धाकटी काकू: वर्गणीत धरू नका ते

पिंट्या: नाना टर्मिनल काढायला १२-१३ चा पान्हा कुठंय, शेडमध्ये नाही

नाना: अण्णानं नेला होता मागच्या दिवाळीत, नाशिकला

अण्णा नाशिक: परत आणून दिलाय मी. काकूंच्या हातात दिलाय