जहाजांच्या समूहाला काय म्हणावे : ताफा, काफिला की आरमार?

भाषांतरकार : सतराव्या शतकातील गोव्याच्या सागरी व्यापारावरील एका लेखाचे मी मराठीत भाषांतर करत आहे. त्यात एकत्र निघालेली व्यापारी गलबते, त्यांच्या रक्षणासाठी सोबत असलेली पोर्तुगीज लढाऊ जहाजे आणि मराठ्यांची जहाजे असे तीन समूह येतात. सगळीकडे ‘ताफा’ लिहिले, तर कोणाची जहाजे हेच कळेनासे होते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दर्यावर्दी : व्यापारी गलबतांना ‘काफिला’च म्हणावे. हा मूळचा अरबी शब्द त्या काळी पोर्तुगीजही वापरत. कानडा किनाऱ्यावरून तांदूळ घेऊन गोव्याला येणारी किंवा गोव्याहून गुजरातमधील खंबायत बंदराकडे जाणारी गलबते अशी काफिल्यानेच प्रवास करत. मालक निरनिराळे, पण चाच्यांची भीती सगळ्यांना सारखीच, म्हणून ही सोबत. रक्षक जहाजांना मात्र ‘आरमार’ म्हणावे. तो शब्द पोर्तुगीज ‘आर्मादा’वरूनच आपल्याकडे आला आहे.

भाषांतरकार : आभारी आहे. मग मराठ्यांच्या जहाजांनाही आरमारच म्हणायचे का?

बखरवाचक : संपूर्ण दलाला आरमारच म्हणावे, पण त्यातील एका सुभेदाराच्या हाताखालील जहाजांसाठी ‘सुभा’ हा त्या काळचाच शब्द उपलब्ध आहे. शिवाजी महाराजांचे चरित्र सांगणाऱ्या सभासद बखरीत दोनशे जहाजांचा एक सुभा सांगून दर्यासारंग आणि मायनाक भंडारी असे दोन सुभेदार दिले आहेत, तर मराठ्यांच्या राज्यनीतीवरील ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात पाच गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा असे म्हटले आहे. आकड्यांत एवढी तफावत असूनही शब्द एकच राहतो, कारण तो संख्येवरून नव्हे, तर हुकमतीवरून पडलेला आहे. मला आज्ञापत्रातील प्रमाण अधिक बोलके वाटते. गुराब जड आणि तोफांनी सज्ज, गलबत हलके आणि वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की गलबतेच गुराबांना दोर लावून ओढून नेत, म्हणून एका गुराबेमागे तीन गलबते हवीतच.

दर्यावर्दी : ‘ताफा’ अगदीच टाकाऊ नाही. आजच्या नौदलाचा मुंबईतील पश्चिमी ताफा सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र आपल्या लेखात ‘आरमाराचा ताफा’ अशी द्विरुक्ती टाळावी. ‘तांदळाचा काफिला आरमाराच्या पहाऱ्यात निघाला’ एवढे लिहिले तरी कोणती जहाजे मालाची आणि कोणती लढाऊ, हे वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही.