स्कॉर्पिओला रुंद टायर : पकड वाढते की नुसता रुबाब?

सह्यभ्रमर :
हल्ली स्कॉर्पिओ क्लासिक दारात आली की कंपनीचे 235/65 आर17 (म्हणजे रुंदी 235 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 17 इंची) काढून 265/65 चढवायची टूम निघाली आहे. भर पावसात ताम्हिणी किंवा वरंधा उतरणाऱ्यांनी तरी याच्या नादी लागू नये, असं माझं ठाम मत आहे. वजन तेच, हवा तीच, तर जमिनीला टेकणारा भाग जवळपास तेवढाच राहतो. लांबी घटते, रुंदी वाढते, बस. वर रुंद टायरला समोरचं पाणीही जास्त बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो, स्टेअरिंग हातात एकदम हलकं लागतं आणि गाडी ऐकेनाशी होते.

डिझेलभक्त :
साफ असहमत. 265 ची उदाहरणं देऊन सगळ्याच रुंद टायरना झोडपू नका. 255/60 आर17 घ्या ना! व्यास तोच, साधारण 737 मिमी. लेन बदलताना माझी गाडी मागून डोलायची, ते बरंच कमी झालंय. उंच गाडीला एवढा आधार हवाच.

सह्यभ्रमर :
व्यासाचं मान्य. पण काढलेले टायर झिजलेले होते ना? मग फरक रुंदीचा की नव्या रबराचा, हे कसं ठरवलंत?

डिझेलभक्त :
अर्धे झिजले होते, खरंय. तरी कोरड्या रस्त्यावर वळणात गाडी जी बसते, ती नव्या 235 वर मला कधी जाणवली नव्हती.

टायरवाली कराडची :
आमचं टायरचंच दुकान आहे, म्हणून सांगते. 265/65 चा व्यास 776 मिमी होतो, म्हणजे 5 टक्के जास्त. स्पीडोमीटरचा काटा अचूक धरला तर तो 100 दाखवेल तेव्हा गाडी 105 ने पळत असते. पिकअपही मंदावतो. स्टेअरिंग पूर्ण कापून रिव्हर्स घेतलं की पुढचं चाक आतल्या प्लॅस्टिकला घासतं. गाडी जॅकवर घेतली की तिथला काळा चकचकीत पट्टा लगेच दिसतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, ताई, स्पेसर (चाकामागे बसवायची जाड चकती) टाका. स्पेसरने चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. मी ते बसवून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. आणि डिझेलभक्त, 255 ला रिम निदान 7 इंच रुंद हवी. तुमची मोजलीत का?

रानवाट :
आणि वाळूचं काय? जैसलमेरकडे रुंद टायरच तारतात.

सह्यभ्रमर :
वाळूत हवा उतरवली की कंपनीचा टायरही लांब पसरतो आणि गाडी वर राहते. आपल्याकडच्या चिखलात तर अरुंद टायर वरचा राडा कापून खालच्या घट्ट जमिनीला टेकतो. पैसे घालायचेच तर 235 मध्येच ओल्या रस्त्यावर धरणारा चांगला टायर घ्या.

डिझेलभक्त :
रिम उद्या मोजतो. 7 भरली तर 255 काढणार नाही.