शंख पाहताना माझ्या डोळ्यांतून काय निसटत होते?

पुळणवाटा :
गेली अकरा वर्षे मी रत्नागिरीच्या आसपासच्या पुळणींवरून शंख वेचतो आणि रंग व जातीनुसार लावून ठेवतो. अलीकडे गीरात व्हर्मेय यांच्याविषयी वाचले. १९४६ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञांची दृष्टी तिसऱ्या वर्षी गेली; तरीही शंख बोटांनी चाचपून त्यांनी खेकड्यांच्या हल्ल्यांच्या, सांधल्या गेलेल्या खुणा अभ्यासल्या आणि भक्षकांमुळे कवचे अधिक जाड व चिंचोळ्या तोंडाची कशी होत गेली, हे मांडले. ते वाचून मी डोळे मिटून माझ्या संग्रहावरून बोट फिरवले, तर कितीतरी शंखांवर तशीच वेडीवाकडी रेघ लागली. ती मला आजवर का दिसली नसावी?

सावकाश :
शंख तोंडाच्या कडेनेच वाढतो, त्यामुळे शेंड्यापासून कडेपर्यंत बोट नेणे म्हणजे त्या जिवाचे आयुष्य क्रमाने वाचणे होय. रेघ जिथे आहे, तिथे एकदा कड फुटली आणि प्राणी वाचला. डोळ्याला सगळे एकदम मिळते, आपण नाव उच्चारतो आणि पुढे जातो.

सहा ठिपके :
मी स्वतः दृष्टिहीन आहे, म्हणून थोडी हरकत नोंदवतो. यात दैवी देणगी काही नाही. ब्रेल शिकताना पहिले कित्येक आठवडे मला ते ठिपके नुसते खरखरीत वाटत. सरावानेच बोट शहाणे झाले. व्हर्मेय यांनाही इतरांकडून शोधनिबंध वाचून घ्यावे लागले, आणि त्यांनी निवडलेले प्रश्न आकार, जाडी, धार यांचे, म्हणजे हाताला उत्तर देता येईल असे होते. शंखावरच्या रंगीत नक्षीबाबत माझे बोट मुकेच राहील. शिवाय दोन मिनिटे डोळे मिटल्याने आपल्याला अंधत्व कळत नाही, फक्त आपला अवघडलेपणा कळतो.

निरीक्षक :
सहमत. पाहणेही शिकावेच लागते. दृष्टीचे संशोधक पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये भारतातील जन्मतः अंध, पण शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हाताला ओळखीची झालेली वस्तू त्यांना सुरुवातीला केवळ पाहून ओळखता येत नव्हती. काही दिवसांतच ते जमू लागले.

पुळणवाटा :
सर्वांचे आभार. ‘सहा ठिपके’ यांची हरकत मान्य आहे. मी डोळे मिटण्याचा प्रयोग सोडून दिला असून आता भिंगाखाली, कडेपासून मागे मागे जात पाहतो. एक गोष्ट मात्र सलते : संग्रह देखणा दिसावा म्हणून फुटके, डागाळलेले शंख मी इतकी वर्षे पुळणीवरच टाकून येत होतो.