मदत हवी आहे: धाकटा आल्यापासून थोरली पुन्हा अंथरूण ओलं करते

लेक साडेचार वर्षांची. वर्षभर रात्री कोरडी असायची. भाऊ झाल्यापासून पुन्हा अंथरुणात शू, बोबडं बोलणं, आणि दूध बाटलीनेच हवं. दिवसा काही त्रास नाही. लघवी तपासली, जंतुसंसर्ग नाही, बद्धकोष्ठही नाही. पाच वर्षांच्या आत याला आजार धरत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. रागावत नाही, झोपण्याआधी शू करवतो, संध्याकाळी तिला एकटीला वेळ देतो. बाळाशी मात्र फारच शहाण्यासारखी वागते, मला खरी काळजी तिच्या या वागण्याचीच वाटते. सासूबाई म्हणतात रात्री उठवून न्या. मला तिची झोप मोडायची नाही. ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी सांगा: बाटली मागितली तर द्यावी का? आणि रात्री डायपर घातला तर ही सवय लांबते का?