रहीमसाहेबांच्या विजयांच्या आठवणी : मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या विजयांविषयी जुन्या चाहत्यांच्या आठवणी मी लिहून घेत आहे. माझ्या आजोबांच्या वहीत, खळीने चिकटवलेल्या आणि आता कडा झडू लागलेल्या कात्रणाखाली, निळ्या शाईत एवढेच लिहिले आहे: 'जकार्ता, 2-1, जर्नेल!' सप्टेंबर 1962 मधील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, डोक्याला टाके पडलेल्या बचावपटू जर्नेलसिंगला रहीमसाहेबांनी आघाडीवर खेळवले, त्यानेच दुसरा गोल केला आणि दक्षिण कोरियाला नमवून भारताने सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी कर्करोगाने ग्रासलेले रहीमसाहेब पुढच्याच वर्षी गेले, हे आठवले की आजही गलबलून येते.

मला मात्र 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील ऑस्ट्रेलियावरचा 4-2 असा विजय अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा आपल्या मुंबईचे होते. आपल्या घरातील कोणी वडीलधाऱ्यांनी त्यांना खेळताना पाहिले असेल, किंवा या सामन्यांच्या बातम्या जपून ठेवल्या असतील, तर कृपया ती आठवण अथवा कात्रणाचे छायाचित्र मला पाठवावे.