मदत हवी आहे: अंगणातल्या तळ्याचं पाणी हिरवं, तळ दिसत नाही

वाडीवरचं_घर
मंडळी, तातडीने सांगा. अंगणातल्या तळ्याचं पाणी पुन्हा हिरवं झालंय. दर रविवारी अर्धं उपसून नवीन भरतो. दोन दिवस बरं दिसतं, बुधवारी परत चटणीसारखं. फिल्टर आहे, रोज धुतो. दुकानदाराने निळं औषध दिलं, तेही संपलं. तुळशीच्या लग्नाला घर भरणार आणि तळं वृंदावनाला लागूनच आहे. काय घालू?

कुळागरकार
मोरचूद. पावसाळ्यात चुन्याबरोबर सुपारीवर मारतो तोच. फडक्यात बांधून पाण्यात फिरवायचा, दोन दिवसांत शेवाळ खलास. बागायतीच्या टाकीत आम्ही दर वर्षी करतो.

निळाई
कृपा करून घालू नका! कुळागरकार, तुमच्या टाकीत मासे आहेत का? मोरचुदातलं तांबं माशांना विषारी, आणि क्षार कमी असलेल्या पाण्यात जास्तच. शिवाय सगळं शेवाळ एकदम मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं.

वाडीवरचं_घर, तळं केवढं? मासे कोणते, किती? ऊन किती तास? पाणी नळाचं की विहिरीचं? पाणीच हिरवं आहे की दगडांना केसांसारखं शेवाळ लागलंय?

कुळागरकार
मासे नाहीत. पण टाकी आरशासारखी असते, हे खरं.

डिचोलीवाला
मातीचा गढूळपणा असणार. पावसात अंगणातली तांबडी माती वाहून येते. तुरटी फिरवा, सकाळी खाली बसलेली दिसेल.

निळाई
तो रंग तांबूस असतो, हे हिरवं म्हणतायत. मऊ पाण्यात जास्त तुरटी पडली तर पाणी आम्लधर्मी होतं, तेही माशांना सोसत नाही. आधी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन रात्रभर ठेवा. माती असेल तर बरीचशी बसेल. तरंगतं शेवाळ असेल तर पाणी हिरवंच राहील.

वाडीवरचं_घर
पेला ठेवला. तळाशी चिमूटभर काळपट गाळ, वरचं पाणी सकाळीही हिरवंच. तळं चिऱ्यांचं, आतून सिमेंट, 8 बाय 5 फूट, खोली अडीच फूट. सकाळी नऊ ते चार ऊन. पाणी नळाचं, पाइप थेट सोडतो. कोय मासे 11, गोल्डफिश 8. मासे ठणठणीत आहेत, माशांचा इथे काय संबंध? पहाटे सगळे वर येऊन तोंडं उघडतात, म्हणून तेव्हाच मूठभर खाणं घालतो. रात्री पंप बंद असतो, बिल वाचतं.

निळाई
ते खाणं मागत नाहीत हो, त्यांचा जीव घुसमटतोय! हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री माशांसारखंच घेतं. पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो, आणि नेमक्या त्याच वेळी तुमचा पंप बंद. आज रात्रीपासून चालू ठेवा, बाकी सगळं नंतर.

दुसरं म्हणजे फिल्टर. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. स्पंजातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. तुम्ही ते रोज धुऊन टाकता, नळाच्या क्लोरीनने मारता आणि रात्री वाहतं पाणी बंद करून गुदमरवता. प्रवाह मंदावला तरच स्पंज पिळा, तोही तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन.

तळेवाले_फोंडा
8 × 5 × 2.5 म्हणजे 100 घनफूट, साधारण 2,830 लिटर. एवढ्यात 11 कोय? वाढले की एकेक दीड-दोन फुटांचा होतो. मी एका कोयला हजार लिटर धरतो. खाणं जास्त, घाण जास्त, म्हणजे शेवाळाला खतच. पण तुळशीच्या लग्नाआधी नितळ हवं असेल तर यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवाच लावा. त्याच्यातून पाणी हळू जायला हवं. शेवाळाचे कण मरून एकमेकांना चिकटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. माझं दहा दिवसांत साफ झालं.

माडाखाली
यूव्हीने खत कुठे कमी होतं? दिवा वर्षभरात क्षीण होतो, निळा दिसत राहिला तरी. मी कुंडीत साळकं (पाण्यातली कमळासारखी फुलझाडं) लावली. अर्धं पाणी पानांनी झाकलं, ऊन अडलं, मुळांनी नायट्रेट ओढलं. कोय माती उकरतात, कुंडीवर मोठे गोटे ठेवा.

तळेवाले_फोंडा
साळकं पसरायला महिने लागतात. त्यांच्याकडे तीन आठवडे आहेत.

माडाखाली
म्हणून तोवर वर चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, सावली करा. जलपर्णी मात्र आणू नका, ओढ्यात गेली की गावाला निस्तरावं लागतं.

सांतेर_वाडा
विषय वेगळा, माफ करा. माझ्या पिंपात डासांच्या अळ्या होतात. गप्पी सोडू का?

माडाखाली
पिंपात सोडा, पण नंतर ओहोळात ओतू नका. परदेशी मासा आहे, आपल्या माशांच्या जागा बळकावतो.

डिचोलीवाला
पाणी उपसण्याचं काय ठरलं? अर्धं काढायचं की नाही?

निळाई
अर्धं नको. आठवड्याला दहावा हिस्सा, आणि तेही पिंपात एक दिवस उघडं ठेवून, मधून मधून ढवळून. क्लोरीन उडून जातं.

वाडीवरचं_घर
अठरा दिवसांनी लिहितोय. निळाईताई, त्याच रात्रीपासून पंप सुरू आहे. सहा कोय मामेभावाच्या मोठ्या तळ्यात दिले. मुलगी रडली, पण दिले. खाणं आता दिवसातून एकदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच, तेही दुपारी. यूव्ही घेतला नाही. लग्नासाठी मांडव घालायचाच होता, तो आधीच घातला आणि चुडती तळ्यावरही ओढल्या. पाणी नितळ झालेलं नाही, पण आत उतरायच्या तीन पायऱ्यांपैकी दुसरी आता स्पष्ट दिसते, तिच्यावरचा चिऱ्याचा लाल रंगसुद्धा. काल पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन बघायला गेलो. एकही मासा वर नव्हता.