मदत हवी आहे: स्टालिनग्राडच्या कारखान्यांमधली लढाई

नमस्कार मंडळी, शाळेतल्या मुलांसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईवर तासाभराचं व्याख्यान तयार करतोय. १९ नोव्हेंबर १९४२ चा सोव्हिएत प्रतिहल्ला आणि २ फेब्रुवारी १९४३ ची जर्मन शरणागती यावर भरपूर माहिती मिळते. माझं घोडं अडलंय ते त्याआधीच्या महिन्याभरावर.

१४ ऑक्टोबरला जर्मनांनी ट्रॅक्टर कारखान्यावर मोठा हल्ला चढवला. त्याच कारखान्यात टी-३४ रणगाडे बनत होते. पुढे बॅरिकाडी तोफ कारखान्यामागे सोव्हिएत सेनानी ल्युदनिकोव्हची १३८ वी डिव्हिजन नोव्हेंबरात पुरती एकाकी पडली. तीन बाजूंना जर्मन आणि पाठीशी व्होल्गा, तीही वाहत्या बर्फाने भरलेली. होड्या मोठ्या मुश्किलीने पोचायच्या. पो-२ ही हलकी सोव्हिएत विमानं रात्री रसदीची पोती टाकायची, पण जागा इतकी चिंचोळी की काही नदीत, तर काही थेट शत्रूच्या हाती पडायची. मला तर सगळ्या लढाईत हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

या दिवसांत जखमींना पलीकडच्या तीरावर कसं नेत होते? कारखान्यांच्या परिसराचा, तेव्हाची आघाडी दाखवणारा चांगला नकाशा कुणाकडे आहे का? मराठीत यावर काही वाचलं असेल तर तेही कृपया सांगा.